खिल्लार गाय घ्यायची आहे, पण जातिवंत कशी ओळखायची? आणि हिचा खरा इतिहास काय?

शिवारातला_नवखा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. नोकरी पुण्यात, शेती सोलापूर जिल्ह्यात, चार एकर कोरडवाहू आणि एक विहीर जी मार्चपर्यंत कशीबशी साथ देते. आईवडील गावीच असतात. आजोबांच्या दावणीला कायम खिल्लार जोडी असायची, मग ट्रॅक्टर आला, बैल गेले, आता गोठ्यात दोन जर्सी आहेत. वडिलांच्या डोक्यात एक खिल्लार गाय आणायचं खूळ शिरलंय आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

अडचण अशी की जेवढं ऐकावं तेवढा गोंधळ वाढतोय. यूट्यूबवर एकजण म्हणतो पाच हजार वर्षं जुनी जात, दुसरा म्हणतो शिवरायांनी तयार केली, तिसरा म्हणतो ही मुळात आपली नाहीच, कर्नाटकातून आलेली. बाजारात गेलो तर आटपाडी, म्हसवड, पंढरपुरी, कोसा, काजळी असली नावं, आणि प्रत्येक हेड्या (जनावरांचा दलाल) म्हणतो माझीच ओरिजिनल, बाकी सगळी भेसळ. तर जाणकारांनी नीट सांगा, जात आली कुठून, बघायचं काय, आणि घरापुरतं दूध निघेल का? ए-टू दुधाचं एवढं ऐकलंय की आईनं तुपाची बरणीसुद्धा धुवून ठेवलीय.

माणदेशी_रान

भाऊ, पाच हजार वर्षंवाल्याला सोडून द्या. शिवकालाचं पण तसंच, त्या काळी दख्खनमध्ये चांगले बैल होते यात शंका नाही, पण आजची खिल्लार जात तेव्हा कुणी ठरवून बनवली याला व्हिडिओतल्या तुतारीपलीकडे पुरावा कुणी देत नाही.

कर्नाटकवाला मात्र चुकीचं बोलत नाहीये. जनावरांचा अभ्यास करणारे लोक खिल्लारीला म्हैसूर गटात धरतात, म्हणजे हळ्ळीकार आणि अमृतमहाल या कर्नाटकातल्या जातींच्या भाऊबंदकीतली. अमृतमहाल म्हणजे म्हैसूरकरांचा लष्करी बैल, हैदर आणि टिपूच्या फौजेच्या तोफा आणि सामान ओढणारा. शिंगांची ठेवण, लांबट अरुंद तोंड, अंगाला चिकटलेलं कातडं, चालायची चपळाई हे सगळं त्या गटाचं आहे. हळ्ळीकार शेजारी उभा करा, पाहुण्यासारखा नाही, चुलतभावासारखा दिसेल. पण म्हणून ती "आपली नाही" हे काही खरं नाही. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर, बेळगाव हा सगळा एकच चराईचा पट्टा होता, जनावरं आणि धनगर दोघंही राज्याची हद्द विचारून फिरत नव्हते. आजही चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत कानडी आणि मराठी शेतकरी एकाच दावणीपुढं घासाघीस करतात.

जात घडली ती माणदेशात. माण, आटपाडी, जत, सांगोला, हा दुष्काळी टापू, पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही मनाला येईल तेव्हा. कुसळी, मारवेल असलं गवत आणि शाळूचा कडबा, यावर जे जनावर टिकलं, दहा-पंधरा किलोमीटर पाण्यासाठी चाललं आणि वर मोट, नांगर, गाडी ओढू शकलं तेच पुढं पैदाशीला राहिलं. इथं दूध कुणी मोजलंच नाही. गाय म्हणजे चांगला खोंड देणारी, एवढाच तिचा हिशोब. हे नीट लक्षात घेतलं की तुमच्या पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

आता प्रकार. पुस्तकात चार मिळतात. आटपाडी महाल उर्फ हणम खिल्लार, म्हसवड, तापी खोऱ्यातली खानदेशी, जी थिलारी लोक पाळतात, आणि नकली. आटपाडी महाल नावाचं कारण असं की आटपाडी हा तेव्हा औंध संस्थानचा महाल, म्हणजे तालुक्यासारखा भाग, होता. आटपाडीची बहुतेक पांढरट-राखाडी, खांद्यावर-पुठ्ठ्यावर फारशी छटा नसलेली, म्हसवडची त्याहून काळपट, तापीची पांढरी आणि नाक-खूर गुलाबीसर, नकलीच्या पुढच्या भागावर विटकरी झाक. हो, नकली हे प्रकाराचंच नाव आहे, शेजारच्या टापूत थोडी मिसळ होऊन झालेला, बाजारात कुणी "नकली हाय" म्हटलं की लगेच फसवणूक समजू नका.

कोसा, काजळी, पंढरपुरी, धनगरी ही सगळी लोकांची नावं, रंगावरून नाहीतर गावावरून पडलेली. त्यावरून भांडणारे भांडत राहू देत.

गाडीवान_आण्णा

रान भाऊंनी वरचं बरोबर सांगितलंय, आता बाजारातलं मी सांगतो. आमची हयात बैलात गेली.

पैल्यांदा लांबनं बगायचं. जनावर उभं ऱ्हायलं की ताठ पायजे, मान वर, कान हलतं, अन तुम्ही जवळ गेला की डोळा तुमच्यावर. मेंढरावानी उभं आसंल तर त्यात दुसरं रगत हाय समजायचं. खिल्लार तापट असतंय, ते अवगुण न्हाई, पण मारकं आन तापट यात फरक हाय ते धन्याला इचारून न्हाई कळायचं, धनी खोटंच बोलणार. धनी बाजूला झाला की हळूच फिरून बगा, हात लावून बगा.

शिंगं दोन्ही एकमेकाच्या जवळनं निघाय पायजेत, कपाळाच्या वरच्या टोकाला, मागं झुकून मग धनुष्यावानी वर जायला पायजेत अन टोक अणकुचीदार. मुळाशी लांब-लांब निघालेली, बाजूला पसरलेली शिंगं म्हंजी गडबड हाय. कपाळ लांबट, मधी पन्हाळीवानी खाच. कातडं चिमटीत धरून बगा, सैल लोंबकळतंय म्हंजी गीर न्हाईतर आणि काय मिसळलंय, खिल्लारीचं कातडं अंगाला घट, चिमटीत लवकर येत न्हाई. गळ्याची पोळी बारीक, पोटाखाली कातडं लोंबत न्हाई. बैलाचं वशिंड मोठं, गायीचं बारकं. शेपूट लांब, गोंडा काळा, घोट्याच्या खाली पोचतोय. खूर टणक, काळं. डांबरी रस्त्यावर चालवून बगा, पाय वाजला पायजे, घासला न्हाई पायजे.

रंगाला लय भुलू नका. वासरू जन्मतं तेव्हा डोक्यावर तांबूस झाक असतीया, दोन-चार म्हैन्यात जातीया, ते बगून कुणी "जर्सी लागलीया" म्हणतंय, तसं न्हाई. अन वळू मोठा झाला की मान-खांदा काळपट पडतो, गाय पांढरी ऱ्हाती. दात बगायला शिका: आदत म्हंजी अजून दुधाचं दात, मग दोन पक्कं दात आलं की दुसा, चार आलं की चौसा, मग सहादाती, अन सगळं दात आलं की जुळलेलं. हेड्या चौशाला दुसा म्हणून इकतो. तोंड स्वतः उघडा.

भोवरा-गोम, म्हंजी अंगावरची केसांची वळणं, म्हातारी माणसं शकुनासाठी बगत्यात. मी बी बगायचो. पर तेवढ्यासाठी चांगली गाय सोडू नका.

गुरांचा_डॉक्टर

दुधाचं स्पष्ट लिहितो, नंतर वाईट वाटायला नको. खिल्लार गाय एका वेतात, म्हणजे एकदा व्याल्यापासून आटेपर्यंत, सगळं मिळून साडेतीनशे-चारशे लिटर देते, आणि वेत म्हणजे जर्सीसारखे दहा महिने नाही, लवकर आटते. त्यातलं वासराला सोडून तुम्हाला रोज लिटर-दीड लिटर, फार चांगली असली तर दोन. फॅट चांगली, चारच्या वर, त्यामुळे चहा आणि थोडं तूप होईल. बरणी मोठी असेल तर लहान घ्या. कालवड उशिरा माजावर येते, पहिलं वेत चौथ्या-पाचव्या वर्षी, आणि दोन वेतांत अंतरही बऱ्यापैकी. जर्सीच्या हिशोबाने बघाल तर पहिल्याच वर्षी विकून टाकाल.

ए-टूबद्दल. देशी गायींच्या दुधात बहुतेक ए-टू बीटा केसिनच (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार) असतं हे खरं, पण त्यावरून जे आजार बरे होण्याचे दावे चालतात त्याला भक्कम आधार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावरचे ए-वन, ए-टूचे दावे काढा असं सांगितलं आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं, तेव्हापासून जाहिरातदारांना जोर चढलाय. दूध चांगलं आहे म्हणून प्या, औषध म्हणून नको.

गाय घेताना कानात बारा अंकी बिल्ला आहे का बघा. आता त्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री होतच नाही, आणि त्या नंबरवरून लसीकरणाच्या नोंदी दवाखान्यात बघता येतात. लम्पीची (अंगावर गाठी येणारा साथीचा रोग) लस झालीय का हे मुद्दाम विचारा. २०२२ च्या साथीत जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते, आणि देशी जनावर काटक असलं तरी लम्पी त्याला सोडत नाही, वासरं तर फार गेली. आणि नंतर रेतनासाठी "कुठलंही देशी चालेल" असं म्हणू नका, खिल्लारचंच सिमेन मागा, वेळेत मागितलं तर मिळतं. गावातला वळू वापरणार असाल तर तोच वळू त्याच्या मुलींवर, नातींवर जाणार नाही हे बघा. एकाच वळूवर अख्खं गाव चालतं आणि मग म्हणतात वासरं बारकी का होतायत.

घाटाचा_राजा

सगळं ठीक आहे पण एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. खिल्लार आज जिवंत आहे ती बैलगाडा शर्यतीमुळे. बाकी गप्पा.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा काय झालं ते आम्ही बघितलंय, पळणाऱ्या खोंडांना कुणी विचारेना, लोकांनी दावणी मोकळ्या केल्या. वर २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवर पण बंदी, म्हणजे म्हातारा बैल विकून नवीन घ्यायला जे चार पैसे उभे राहायचे तेही गेले. २०१७ ला राज्याने कायदा केला, तो हायकोर्टात अडकला, शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर बाजार बघा. जुन्नर-आंबेगाव-खेडचा घाट (शर्यतीची धावपट्टी) असो नाहीतर सातारा-सांगलीचं मैदान, पळणारा खोंड लाखांत जातो. ज्या पोरांना शेतीत यायचं नव्हतं ती पहाटे उठून बैलाला पोहायला नेतात, अंडी-दूध-खुराक करतात. हे कुठल्या सरकारी योजनेनं झालं सांगा.

माणदेशी_रान

राजे, खोंड वाचला हे मान्य. गाय वाचली का, एवढं सांगा.

तुमच्या लाखाच्या खोंडाची आई कुठं आहे हे कितीजणांना माहीत असतं? घाटावर बैलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव पुकारतात, आईची नोंद कुणाच्या वहीत नसते. आणि पळायला हलका, उंच, वेगवान हवा म्हणून म्हैसूरकडची हळ्ळीकार खोंडं आणली जातात, तीच पुढं इथल्या गायींवर जातात. मला हळ्ळीकारशी वैर नाही, वरच लिहिलंय की भाऊबंद आहेत, पण माणदेशी खिल्लार घडली ती काही सेकंदांच्या पळण्यासाठी नव्हे, दिवसभर ओढण्यासाठी. आजही मराठवाड्यातला ऊसतोड कामगार कारखान्यावर टायरगाडी घेऊन येतो तेव्हा त्याला हवा असतो तो दमाचा बैल. तुम्ही वेगाची निवड करत राहिलात तर वीस-तीस वर्षांनी दिसायला खिल्लार राहील आणि दम जाईल.

शर्यत बंद करा असं मी म्हणत नाहीये. बैलामागं येणाऱ्या पैशातला थोडा तरी गायीपर्यंत पोचू दे एवढंच.

घाटाचा_राजा

आईची नोंद ठेवणारे पण आहेत हो आमच्यात. पण कमी आहेत, हे खरंय. म्हैसूरी खोंडाचं मात्र पटत नाही, ज्याला जे पळवायचं ते तो पळवणार, ठेका आम्हीच का घ्यायचा जात शुद्ध ठेवायचा.

दावणीची_लेक

मी बोलू का, कारण या सगळ्या चर्चेत गाय पाळणारं कुणी दिसत नाहीये 🙂

आमच्याकडे खिल्लार गायीच आहेत, सासऱ्यांपासून. दादा, तुमच्या आईंना आधी सांगा की ही जर्सीसारखी कुणालाही दूध देत नाही. वासरू पुढ्यात लागतं, त्यानं दोन ढुसण्या दिल्या की पान्हा सोडते, वासरू बाजूला बांधायला उशीर झाला की संपलं, आणि मधेच कुणी अनोळखी गोठ्यात आलं तर सड कोरडे. आमची एक गाय माझ्या नणंदेला दोन वर्षं कासेला हात लावू देत नव्हती, तिची साडी नेसून मी गेले तर मलाही शिंग दाखवलं. मिलकिंग मशिन वगैरे विसरा. पण एकदा माणूस ओळखला की नावाने हाक मारली तर रानातून येते, आणि तिच्या वासराजवळ कुत्रं फिरकत नाही.

खर्चाचं बघाल तर जर्सीच्या मानानं काहीच नाही. मालदांडी ज्वारीचा कडबा, बांधावरचं गवत, गाभण असताना थोडी सरकी पेंड, बास. उन्हात झाडाखाली उभी राहते, पंखा-फॉगर लागत नाही. डॉक्टर वर्षाकाठी लस द्यायला येतात तेवढेच. २०१९ ला आमच्या भागात चारा छावण्या होत्या, तिथं बघितलंय, संकरित गायी उन्हानं धापा टाकत असायच्या आणि खिल्लार रवंथ करत बसलेली. पण पाणी-चारा नसला तर तीही खंगतेच, काटक आहे म्हणून उपाशी ठेवायची सोय नाही, हे सांगायचं कारण लोक तेच करतात.

आणि खरी अडचण गोऱ्ह्याची. कालवड झाली तर ठेवाल. गोऱ्हा झाला आणि शर्यतीचा नसला तर तो कोण घेणार? शेतीत बैल कमी झालेत, वर घाटाचे राजे म्हणाले तसा म्हातारा बैल विकताही येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाय राज्यमाता-गोमाता झाली, अनुदान दिवसाला पन्नास रुपये, पण ते गोशाळेतल्या गायीला. दारातल्या गायीला माता म्हणून घ्यायचं आणि वैरण आपल्या खिशातून घालायची. शेण-गोमूत्र विकून लाख कमावणारे व्हिडिओत भेटतात, मला अजून प्रत्यक्षात कुणी भेटलेलं नाही. आमच्या शेताला मात्र ते लागतं आणि रासायनिक खताची पोती कमी झाली, तेवढं धरा.

शिवारातला_नवखा

बापरे, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. आईला लेकताईंची पोस्ट वाचून दाखवली, ती म्हणाली "मग तर आणाच", का ते विचारू नका. दोन जर्सी दुधाला आहेतच, म्हणजे दुधासाठी अडणार नाही. आता प्रश्न एवढाच की कालवड घ्यावी की गाभण गाय? आणि कुठल्या बाजारातून? सांगोला जवळ पडतो, पण खरसुंडीची जत्रा मोठी असते म्हणतात.

गाडीवान_आण्णा

खरसुंडीला सिद्धनाथाच्या जत्रंत जनावर लय येतंय, निवड हुती, पर भाव बी जत्रंचाच असतोय. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या जत्रंला बी चांगला माल. कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला बगा, तिथं लांबलांबचं येत्यात. सांगोल्याचा आठवडी बाजार बारमाही हाय, पर नवख्या माणसानं तिथं पैल्याच फेरीत पैसं काढू नये. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करत्यात, तुम्हाला कळायच्या आत तुमचा भाव ठरलेला असतो. कुणीतरी जाणता संगं न्या, अन त्यानं हेड्याकडनं च्या पिला की त्याचं ऐकू नका.

गुरांचा_डॉक्टर

गाभण गाय बाजारातून नकोच असं माझं मत. गाभण आहे की नुसतं पोट सुटलंय हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि प्रवासात गाभ पडला तर सगळंच गेलं. त्यापेक्षा बाजारात फिरून गावांची, घरांची नावं काढा आणि थेट त्या गोठ्यात जा. तिथं तिची आई बघायला मिळते, जमलं तर बाप पण. दुसा कालवड घ्या, नाहीतर एक-दोन वेत झालेली, खाली वासरू असलेली गाय, म्हणजे ती पान्हा सोडते की नाही हे जागेवरच बघता येतं.

दावणीची_लेक

डॉक्टरांशी सहमत. आणि घरी आणल्यावर पहिले काही दिवस जर्सीपासून लांब बांधा, लम्पीसाठी पण आणि भांडणासाठी पण. दावं सुती, जाड घ्या, नायलॉनचं नको, ही ओढते आणि गळा कापला जातो. दूध आईच काढणार असतील तर पहिल्या दिवसापासून वैरण पण त्यांच्याच हातून पडू दे.